हिरव्या गाडीवरचं ‘वन’

कंपनीच्या गाडीला रंग कोणता द्यायचा हे ठरवताना माणूस जेवढा मूर्खपणा करतो तेवढा तो एरवी करत नसावा, असं तीस वर्षांच्या धंद्यानंतर माझं ठाम मत झालं आहे. हाच माणूस बैल घेताना दात बघतो, घर घेताना चार जणांना विचारतो. गाडीचा रंग म्हटला की मात्र त्याच्या अंगात काहीतरी संचारतं. कोणाला ज्योतिषाने सांगितलेला रंग हवा असतो, कोणाला मेव्हण्याच्या गाडीपेक्षा एक हात गडद. आणि गिऱ्हाईक जास्त शिकलेलं असलं, तर त्याला असा रंग हवा असतो की ज्याचं नाव घेताना पेंटरची जीभ अडखळली पाहिजे.

मी गोंदियातला पेंटर. पेंटर म्हणजे चित्रकार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण दिवाळी अंकवाल्यांनी मला पत्रात ‘चित्रकार’ म्हटलं आहे. पहिली अक्षरं मी आमच्या गावच्या विहाराच्या भिंतीवर लिहिली आणि त्यातली निम्मी वाकडी होती. पुढे गोंदियात येऊन एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि मग स्वतःचं दुकान टाकलं, ‘सुजाता आर्ट्स’. सुजाता ही माझी थोरली मुलगी. पाट्या, भिंती, ट्रकचे फाळके सगळं केलं, पण माझा हात बसला तो गाड्यांवर. दूधवाल्यांच्या, बेकरीवाल्यांच्या, कोंबडीवाल्यांच्या, शाळांच्या. दोन हजार सालाच्या आगेमागे या शहरात फिरणाऱ्या चार व्हॅनपैकी एक तरी माझ्या हाताखालून गेलेली असायची, असं मी म्हटलं तर खोटं ठरवायला कोणी पुढे येणार नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी लिहिणं म्हणजे भिंत लिहिणं, फक्त भिंतीला चाकं. भिंत उभी असते हो. तिला दारं नसतात, तिच्या पोटात पेट्रोल भरत नाहीत. गाडीचं अंग कुठे फुगलेलं, कुठे दबलेलं, मध्येच हँडल, मध्येच काच. त्यात आपली मराठी अक्षरं. शिरोरेषा ओढायची तर ती दोन दारांच्या फटीवरून सरळ गेली पाहिजे. वेलांटी काचेच्या रबरात घुसता कामा नये. म्हणून आमचे उस्ताद ब्रश हातात देण्याआधी एकच वाक्य सांगायचे, “पहले दरवाज़ा खोल, बाद में डब्बा खोल.” म्हणजे रंगाच्या डब्याचं झाकण काढण्याआधी गाडीची सगळी दारं, झाकणं, खिडक्या उघडून बघायच्या. उघडल्यावर कोणतं अक्षर कुठे जातं ते बघायचं. मगच खडूची दोरी मारायची.

हे वाक्य मी एकदाच विसरलो. एका मसालेवाल्याच्या गाडीवर मोठ्या हौसेने ‘सुगंधी मसाले’ लिहिलं आणि त्यातला ‘सु’ नेमका पेट्रोलच्या झाकणावर आला. पंपावर झाकण उघडलं की ‘गंधी मसाले’ उरायचे. गोंदिया शहर बोलायला हिंदी, त्यामुळे पंपावरची माणसं ते काय वाचायची हे सांगायला नको. मसालेवाला तीन दिवसांनी दुकानात आला आणि उभ्याउभ्या त्याने माझा उद्धार केला. उस्तादांनी मला सबंध गाडी पुसून पुन्हा लिहायला लावली आणि वर म्हणाले, “अब भूलेगा नहीं.” नाही विसरलो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा अंक पुरणार नाही. एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याला गाडीच्या मागे ‘फिर मिलेंगे’ लिहून हवं होतं. का, तर सगळ्या ट्रकांच्या मागे असतं. मी त्याला तीन प्रकारे समजावलं. तो म्हणाला, तुला लिहायचंय की नाही? लिहिलं. बरं दोन रंगांत, शेड मारून लिहिलं. पहिल्याच पेशंटच्या नातेवाइकांनी गाडीत बसायला नकार दिला तेव्हा पुसायला आला. एक कोंबडीवाला होता, त्याला व्हॅनवर कोंबडी काढून हवी होती आणि ती हसरी हवी होती. जी गाडीत उलटी टांगून नेली जाते आहे तिने बाहेर हसावं, असा त्याचा आग्रह. मी हसरी कोंबडी काढली. त्याचं समाधान होईना, म्हणून तिला एक डोळा मारायला लावला. ती गाडी अजून कुठेतरी सडत उभी असेल तर कोंबडी डोळा मारतच असेल.

पण या लोकांचा मला राग नाही. मूर्ख होते, तरी स्वतःच्या अकलेने मूर्ख होते. मला राग आहे तो उसन्या अकलेवाल्यांचा, आणि त्यांचा एक किस्सा गेली कित्येक वर्षं घशात अडकला आहे.

आमच्याकडे एक चहापत्तीवाले शेठ होते. बाहेरून चहा आणायचा, मिसळायचा, पुड्यांत भरायचा आणि जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत विकायचा, हा त्यांचा धंदा. नाव राहू द्या, सगळे त्यांना मोठे शेठच म्हणायचे. त्यांची पहिली गाडी मी लिहिली तेव्हा रंग ठरवायला आम्हाला एक कप चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. शेठ म्हणाले, “पेंटर, रंग ऐसा होना कि बैल भी पहचाने.” मी म्हटलं, पिवळा. आपल्याकडे पावसाळ्यात सगळं धानाने हिरवं, उन्हाळ्यात सगळं मातीने तांबूस. दोन्हींवर उठून दिसतो तो पिवळा. शेठनी मान हलवली. मी पिवळ्या गाडीवर दोन्ही बाजूंना एक लाल केटली काढली, तिच्या तोंडातून वाफ आणि वाफेतच ‘चहा’ ही अक्षरं. ‘हा’चा काना सरकत्या दाराच्या अलीकडे थांबवला होता. दार उघडा, बंद करा, चहा तो चहाच.

ती गाडी चालवायचा सुकराम. ड्रायव्हर तोच आणि बाजारात दार उघडून विकणाराही तोच. अर्जुनी मोरगावकडचा माणूस, धानाच्या बांधावर आणि तलावाच्या पाळीवर वाढलेला. बोलायला सावकाश, हिशेबाला चोख. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात त्याची पिवळी गाडी शिरली की बायका लांबूनच म्हणायच्या, आली केटली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यासुद्धा. तिकडे डोंगरात, दरेकसाच्या बाजूच्या बाजारांतही तो जायचा. लोक मोहफुलं, डिंक, चारोळी घेऊन बसलेले असायचे. ती विकली की जाताना चहाची पुडी घेऊन जायचे. पुड्या जेवढ्या खपतील त्यावर सुकरामचा पगार ठरायचा. तो बाजार त्याच्या मिळकतीचा मोठा आधार होता, कारण तिथे दुसरी गाडी जातच नव्हती.

मग छोटे शेठ पुण्याहून शिकून आले.

मुलगा वाईट नव्हता. वाईट ते, जे तो शिकून आला होता. आल्यावर महिनाभरात त्याने तीन नव्या व्हॅन घेतल्या आणि पुण्याचा एक सल्लागार बोलावला. काळ दोन हजार तीन-चारचा. हा गृहस्थ गाडीवर काय लिहायचं आणि कोणता रंग द्यायचा एवढंच सांगण्यासाठी रेल्वेने आला आणि शहरातल्या चांगल्यात चांगल्या हॉटेलात चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत तो एकाही बाजारात गेला नाही. उन्हाचा त्रास व्हायचा म्हणे.

शेवटच्या दिवशी बैठक भरली. गोदामाच्या वरच्या खोलीत पडद्यावर चित्रं दाखवायची सोय केली होती. मला बोलावलं होतं कारण गाड्यांना रंग मीच मारणार होतो; अक्षरं मात्र नागपूरहून स्टिकरमध्ये कापून येणार होती. मला दारापाशी प्लास्टिकची खुर्ची मिळाली. सुकराम माझ्या मागे उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

सल्लागाराने सुरुवातीलाच पडद्यावर माझी केटली दाखवली. ती कोणत्या कोनातून फोटो काढल्यावर एवढी वाकडी दिसली देव जाणे. मग तो म्हणाला, “आता हे बघा. हे जरा गावठी वाटतं, नाही का? म्हणजे जत्रेत असतं तसं.” आणि हसला. छोटे शेठ हसले. त्यांचे दोन मॅनेजर, ज्यांच्या घरच्या दारावरची गणपतीची पाटी मीच लिहून दिली होती, तेही हसले. मोठे शेठ हसले नाहीत, पण ते चष्मा पुसत होते.

मागून सुकराम म्हणाला, “पन लोक केटली वळखतात जी.”

कोणी ऐकलं नाही. ऐकलं असेल तर दाखवलं नाही.

मग आला रंग. एकाच हिरव्याच्या अकरा चौकटी पडद्यावर आल्या आणि प्रत्येकीला नाव. मला त्यांतल्या चार चौकटी एकसारख्या दिसल्या आणि माझी तर हयात रंगातच गेली आहे. सल्लागाराने पाऊण तास त्या चौकटींवर भाषण केलं. हिरवा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, हिरवा म्हणजे मुळं. शेवटी त्याने बोट ठेवलं ते एका गडद, काळपट हिरव्यावर. आणि त्यावर सोनेरी रंगात नाव आलं, ‘वनमोहर’. पुढच्या दारावर सोनेरी गोल, गोलात एक फुलांचा तुरा. ‘चहा’ हा शब्द अगदी मागे, खाली, बारीक. वस्तू लहान आणि नाव मोठं, हे म्हणे त्यातलं शास्त्र.

मोठ्या शेठनी चष्मा लावला आणि विचारलं, “वन-मोहर? यानी जंगल का ठप्पा?”

आता हे समजून घ्या. पुण्याच्या माणसाला मोहर म्हटलं की आंब्याचा मोहर दिसतो. गोंदियात निम्मं शहर हिंदीत विचार करतं आणि हिंदीत मोहर म्हणजे शिक्का. सरकारी शिक्का. म्हाताऱ्याला ते एका क्षणात कळलं होतं. छोटे शेठ म्हणाले, “पापा, मोहर माने बौर. फूल.” आणि सल्लागाराने पुढचं चित्र लावलं.

मला मात्र एक नाही, तीन गोष्टी दिसत होत्या. पहिली, शेठ म्हणाले ती. दुसरी, तो रंग. मी दरेकसाच्या अलीकडच्या जंगलातल्या गावचा. बाप जंगलात मजुरीला जायचा, माय मोहफुलं वेचायची, सरपण आणायची. त्या काळी आमच्या भागात जंगलखात्याच्या जीपा नेमक्या त्याच काळपट हिरव्या असायच्या. झाडीतून तो रंग दिसला की माय टोपलीवर लुगडं टाकायची आणि वर बसून राहायची. त्यातलं काय नियमात बसत होतं आणि काय नव्हतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की हिरवी गाडी आली की झाकायचं. मी तिच्या शेजारी बसलेला असायचो आणि तिचा हात माझ्या दंडाला घट्ट धरलेला असायचा. पन्नाशी उलटली तरी तो रंग दिसला की माझा दंड दुखतो.

तिसरी गोष्ट चित्रातच होती. नव्या व्हॅनचं मधलं दार मागे सरकणारं. ‘वन’ त्या दारावर होतं आणि ‘मोहर चहा’ त्याच्या मागच्या पत्र्यावर. दार मागे सरकलं की ते बरोबर ‘मोहर चहा’वर जाऊन बसणार आणि ते झाकणार. बाजारात तर दार दिवसभर उघडंच असतं, माल तिथूनच निघतो. म्हणजे काळपट हिरवी गाडी, दारावर सोनेरी गोल आणि शेजारी मोठ्या अक्षरांत एकच शब्द, ‘वन’. सल्लागाराने कागदावर गाडी काढली होती, आणि कागदाला दार नसतं. माझे उस्ताद असते तर त्यांनी त्याला चौथ्या मिनिटाला खोलीबाहेर काढला असता.

बैठक संपत आली. सुकराम पुन्हा बोलला, या वेळी जरा मोठ्याने. “पेंटर भाऊले इचारा ना जी एकडाव.”

छोटे शेठ माझ्याकडे वळले. चांगल्या तोंडाने वळले, हेही लिहितो. “पेंटरजी, काही सुचवायचंय?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात माझी वाकडी केटली अजून दिसत होती.

मी म्हटलं, “नाही. छान आहे.”

का म्हटलं? मला त्यांची फजिती बघायची होती. साधी गोष्ट आहे. महिनाभर ही गाडी फिरेल, तोंडावर आपटतील, मग दुकानाच्या पायरीवर येतील, आणि मी चहाचा घोट घेत सांगेन की बाबांनो, गाडीला दार असतं. एवढंच मनात होतं. ते वाक्य मी घरी जाताना सायकलवर दोन-तीनदा म्हणूनसुद्धा बघितलं.

गाड्यांना रंग मी मारला. दोन हात, मध्ये पाणी-कागदाने घासून. इतका सुरेख मारला की त्यात तोंड दिसावं. नागपूरची पोरं स्टिकर घेऊन आली, दारं बंद ठेवून त्यांनी ‘वनमोहर’ चिकटवलं, रबराने बुडबुडे काढले आणि दोन तासांत निघून गेली. मी माझ्या हातांनी लिहिलं असतं तर दोन दिवस लागले असते. मी स्टुलावर बसून सगळं बघितलं. एकानेही दार उघडलं नाही.

गोरेगाव, अर्जुनीच्या सपाट भागात सुकरामच्या नव्या गाडीने फार काही बिघडवलं नाही. लोक विचारायचे कोणतं ऑफिस आहे, सुकराम पुडी दाखवायचा, विक्री व्हायची. मग तो डोंगरात गेला. दोन बाजार झाल्यावर भर दुपारी तो माझ्या दुकानासमोर गाडी लावून आत आला आणि पाणी प्यायला.

“पेंटर भाऊ, तठी लोक मले पाहून पळून राहिले जी.”

“कायले पळतीन?” मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नाही.

“मी दार खोललं, डबे काढून राहिलो, त समोरच्या बायका टोपल्यायवर लुगडं टाकून उठल्या. अर्धा बाजार खाली. एक डोकरा आला, हात जोडून म्हनते, साहेब, आमच्या घरी सरपनाबिगर काही नाही जी. मी म्हटलं, बाबाजी, मी सुकराम, चायवाला. थो म्हनते, हो साहेब.”

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, मी पोट धरून हसलो. सुकरामही थोडा हसला आणि मग थांबला.

“लोक म्हनतात फारेस्टची गाडी वाटते. छोट्या शेठले सांगतलं, त थे म्हनतात, बहाने नको सांगू, मेहनत कर. पेंटर भाऊ, तुमी सांगा ना त्यायले. तुमी रंगातले मानूस. तुमचं आयकतीन.”

“महिनाभर थांब,” मी म्हटलं. “लोकांना सवय होईल.”

“माहा तिकडचा बाजार बसला त मी काय करू जी? पगार त्याच्यावर हाये.”

“थांब रे. होईल सवय.”

सवय होणार नाही हे मला ठाऊक होतं. माझ्या मायला तिच्या मरेपर्यंत झाली नव्हती. पण शेठ अजून माझ्या पायरीवर आले नव्हते. मी वाट बघत होतो ती त्यांची, आणि माझ्यासमोर उभा होता तो सुकराम. या दोन माणसांतला फरक मला त्या दुपारी कळला नाही.

छोटे शेठ पायरीवर आलेच नाहीत. शिकलेला माणूस चूक शोधायला रंगाकडे जात नाही, कागदाकडे जातो. कागदावर दिसत होतं की एका ड्रायव्हरची विक्री पडली आहे. रंग तिन्ही गाड्यांना तोच, मग दोष ड्रायव्हरचा. बाकी दोघे डोंगरात जातच नव्हते, हे कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. चार आठवडे झाले, सुकरामला काढला आणि डोंगरातला फेरा बंद केला. मला हे तीन दिवसांनी चौकातल्या टपरीवर कळलं.

मग मी गेलो. सायकल भिंतीला टेकवून वर चढलो आणि एका दमात सगळं सांगितलं. रंग सांगितला, मोहर सांगितली, खाली आणून गाडीचं दार सरकवून दाखवलं. उन्हात ते सोनेरी ‘वन’ असं चमकत होतं की मलाच साहेब म्हणावंसं वाटलं.

छोट्या शेठनी दार स्वतः एकदा सरकवून बघितलं. मग शांतपणे म्हणाले, “मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

मोठे शेठ मागे येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, “पेंटर, तुझे मालूम था?”

“हो शेठजी.”

“तो फिर मेरा आदमी क्यूँ गया?”

सायकलवर पाठ केलेलं वाक्य त्या वेळी काही कामाचं नव्हतं. सुकरामला परत घ्या, मी म्हटलं. छोटे शेठ म्हणाले, बघतो. मोठ्यांच्या हातात तोवर कारभार राहिला नव्हता. आणि सुकराम एव्हाना निघूनही गेला होता, रायपूरकडच्या एका ट्रकवर.

बाकीच्यांचं काय झालं तेही सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. वर्षभरात तिन्ही गाड्या पांढऱ्या झाल्या. पांढरा कोणी निवडला, तर त्याच सल्लागाराने, फोनवरून. त्या वेळी त्याने सांगितलं की पांढरा म्हणजे विश्वास. छोटे शेठ तरले, चहा आजही खपतो. मॅनेजर मॅनेजरच राहिले. नागपूरची स्टिकरवाली पोरं पुढे आमच्याच शहरात दुकान टाकून बसली आणि आता गाडीची काच, दार, झाकण काही न बघता सगळ्यावरून फ्लेक्स ओढतात. या सबंध प्रकरणात नुकसान एकट्याचं झालं. रंग निवडणाऱ्यांचं नाही, लावणाऱ्याचं नाही, चालवणाऱ्याचं. सात वर्षं सुकराम ट्रकवर होता, महिन्यातून दोनदा घरी. त्याचे वडील गेले तेव्हा तो ओडिशाच्या पलीकडे कुठेतरी होता. मातीला पोचला नाही. हे मला त्याच्या गावच्या माणसाने सांगितलं. मी स्वतः त्याला शोधायला कधी गेलो नाही.

दुकान बंद करण्याच्या बेतात होतो, त्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला एक शाळेची व्हॅन दारात येऊन उभी राहिली. पिवळी. शाळेच्या गाडीला आता रंग निवडायचा प्रश्नच राहिलेला नाही. सरकारने सगळ्यांच्या अकलेवर पिवळा हात फिरवला आहे आणि मला तो निर्णय मनापासून पटतो. उतरला तो सुकराम. केस पांढरे झालेले, बाकी तोच. गोरेगावकडच्या एका शाळेत ड्रायव्हर म्हणून लागला होता. शाळेचं नाव लिहून हवं होतं. फ्लेक्सवाल्याकडे का नाही गेलास, विचारलं. म्हणाला, हेडमास्तर म्हनते, हातचं पायजे.

मी खडू आणि दोरी काढली. तोवर त्याने काही न बोलता गाडीची सगळी दारं उघडली. पुढची, मधलं सरकतं, मागचं, पेट्रोलचं झाकणसुद्धा. मग माझ्याकडे बघितलं.

“पहिले खोलून पायलेलं बरं,” तो म्हणाला.

मी दोरीचं टोक मधल्या दारापाशी नेलं. हे त्याला कोणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती. ट्रकवर सात वर्षं माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो.

“पेंटर भाऊ, तुमाले त्या दिवशी ठाऊक होतं ना? वरच्या खोलीत?”

“होतं.”

“काऊन नाही बोलले मंग?”

तेवढ्या वर्षांत मी या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. माझं कोण ऐकणार होतं, हे एक. गरीब माणसाने तोंड उघडू नये, हे दुसरं. त्याच्यासमोर मात्र जे खरं होतं तेच निघालं.

“ते माझ्या केटलीला हसले, सुकराम.”

त्याने मान हलवली, कळलं अशा अर्थाने. सरकतं दार एकदा पुढे ओढलं, पुन्हा मागे नेलं, त्याच्या मागे काय झाकलं जातं ते वाकून बघितलं. मग माझ्याकडे न बघता, कुठलाही राग न आणता म्हणाला,

“मी त नव्हतो हासलो जी.”